२४ दिवसांचं बाळ उजवा पाय हलवत नाहीये, एक्सरे नॉर्मल आलाय, सोमवारपर्यंत थांबू का?

माणदेशी_लेक
शुक्रवार, रात्री ८:४०

नमस्कार, मी इथे पहिल्यांदाच लिहितेय, घाईत आहे, काही चुकलं तर सांभाळून घ्या. माझा मुलगा आज २४ दिवसांचा आहे. ३४व्या आठवड्यातच झाला, वजन १ किलो ९००, त्यामुळे ९ दिवस काचेच्या पेटीत ठेवला होता, तिथे सलाईन, इंजेक्शनं सगळं झालं, मग वजन वाढायला लागलं आणि घरी सोडलं. घरी आल्यावर छान होता, दोन्ही पाय सायकल चालवल्यासारखे मारायचा.

परवापासून उजवा पाय हलवतच नाहीये. डावा मारतो, उजवा गुडघ्यात वाकवून बाहेरच्या बाजूला टाकून ठेवतो, बेडकाचा असतो ना तसा. दुपट्यात गुंडाळून ठेवला की शांत असतो पण लंगोट बदलायला पाय उचलला रे उचलला की असा किंचाळतो की माझ्या अंगावर काटा येतो. आज बघितलं तर त्या बाजूची मांडी थोडी जाड वाटतेय, नाहीतर मला तसं वाटत असेल. ताप नाही, हात लावून बघितलं, थर्मामीटरनेही ९८ च आहे. दूध पितो पण कालपासून थोडं पिऊन झोपतो.

मालिशवाल्या मावशी म्हणाल्या लचक भरलीय, दोन दिवस तेल लावून शेकलं की सुटेल, सासूबाईंचंही तेच म्हणणं. मिस्टरांनी आज तालुक्याला नेलं, तिथे एक्सरे काढला, हाड मोडलेलं नाही, नॉर्मल आहे म्हणाले, थेंब लिहून दिले आणि सोमवारी हाडांचे डॉक्टर येतात त्यांना दाखवा असं सांगितलं. आता एक्सरे नॉर्मल आहे तर घरचे म्हणतात कशाला रात्रीचं पळायचं, पण मला राहवत नाहीये. कुणाला असा अनुभव आहे का? थांबू का सोमवारपर्यंत?

ओवीची_आई
शुक्रवार, रात्री ८:५२

ताई थांबू नका. आत्ता निघा. घरच्यांना वाईट वाटेल, मावशींना वाईट वाटेल, वाटू दे.

मी हे एवढ्या जोरात का सांगतेय तर माझी ओवी ३८ दिवसांची असताना अगदी हेच झालं होतं, तिचा डावा गुडघा होता. आमचाही एक्सरे नॉर्मल होता. आम्ही ५ दिवस थांबलो, दोन दिवस शेकण्यात गेले, मग एका दवाखान्यात म्हणाले जन्मताना मार लागला असेल, पट्टी बांधून दिली, आणि पाचव्या दिवशी गुडघा टम्म सुजून लाल झाला तेव्हा पुण्याला नेलं तर आत पू झालेला. हाडात इन्फेक्शन होतं ताई. ओवी आता ६ वर्षांची आहे, शाळेत जाते, नाचते, पण तिचा डावा पाय २ सेंटीमीटरने छोटा आहे आणि ते ५ दिवस मला अजून रात्री आठवतात. तुमचा तर आज दुसराच दिवस आहे, तुमच्या हातात वेळ आहे.

ताप नसणं यावर अजिबात जाऊ नका, ओवीलाही नव्हता.

हाडवैद्य_नाही_डॉक्टर
शुक्रवार, रात्री ९:०५

मी लहान मुलांच्या हाडांचं काम करणारा सर्जन आहे. बाळाला बघितल्याशिवाय निदान सांगता येत नाही आणि सांगणारही नाही, पण तुम्ही जे लिहिलंय ते वाचून एवढं नक्की सांगतो की हे सोमवारचं काम नाही, आज रात्रीचं आहे.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तुम्ही स्वतःच लिहिली आहे, पाय आधी हलत होता आणि मग थांबला. जन्मताना गळ्याजवळचं किंवा मांडीचं हाड मोडलं, खांद्याची नस ताणली गेली, तर पहिल्या दिवसापासूनच तो हात किंवा पाय हलत नाही. चांगला हलणारा पाय तीन आठवड्यांनी गप्प झाला, तोही नवजात कक्षात राहून आलेल्या, सलाईन लागलेल्या, कमी दिवसांच्या बाळाचा, तर आम्ही दुसरं काही सिद्ध होईपर्यंत ते हाडाचं किंवा सांध्याचं इन्फेक्शनच धरून चालतो. पाय लुळा पडलेला नसतो, दुखतो म्हणून बाळ तो हलवत नाही. आणि वाकवून बाहेर टाकलेला पाय म्हणजे खुब्यात पाणी किंवा पू साठल्यावर बाळाला ज्या स्थितीत त्यातल्या त्यात कमी दुखतं ती स्थिती.

एक्सरेबद्दल. तालुक्याच्या डॉक्टरांनी खोटं सांगितलं नाही, हाड मोडलेलं नाही हे खरंच आहे. पण हाडातलं इन्फेक्शन एक्सरेत दिसायला साधारण ७ ते १४ दिवस लागतात, त्याआधी फार तर मांस सुजलेलं दिसेल नाहीतर सांध्यातली फट थोडी रुंद झालेली. शिवाय एवढ्या बाळाचा खुब्याचा गोळा सगळा कुर्चेचा, म्हणजे मऊ हाडाचा असतो, तो एक्सरेत उमटतच नाही, साधारण ४ ते ६ महिन्यांचा झाल्यावर त्यात हाडाचा ठिपका दिसायला लागतो. म्हणजे जिथे आजार आहे अशी शंका आहे ती जागाच त्या फोटोत नाही.

कुठे जायचं तर जिथे लहान मुलांचे डॉक्टर, हाडांचे सर्जन, भूल देणारे आणि नवजात बाळांचं आयसीयू चारही रात्रीला असतील तिथे. गेल्यावर सांगा की "बाळ दोन दिवस पाय हलवत नाही, खुब्याची सोनोग्राफी करायची आहे". सोनोग्राफीला भूल लागत नाही, रेडिएशन नाही, सांध्यात पाणी असेल तर लगेच दिसतं. रक्ताच्या तपासण्या म्हणजे सीआरपी (इन्फेक्शनमध्ये हा आकडा चढतो), सीबीसी (पेशींची मोजणी) आणि ब्लड कल्चर (रक्तातला जंतू उगवून बघतात), आणि कल्चरचं रक्त अँटिबायोटिकचा पहिला डोस द्यायच्या आधी. शेकू नका, मालीश नको, घट्ट गुंडाळू नका, पाय जसा ठेवलाय तसाच राहू द्या.

सिस्टर_एसएनसीयू
शुक्रवार, रात्री ९:१८

डॉक्टरांनी सांगितलं त्यात माझ्या कामातलं थोडं घालते, मी जिल्हा रुग्णालयात नवजात कक्षात आहे.

निघायच्या आधी बाळाला पोटभर पाजा, आणि किती वाजता पाजलं ते फोनमध्ये लिहून ठेवा. तिथे पोचल्यावर विचारल्याशिवाय पाजू नका, कारण रात्रीतच भूल द्यायची वेळ आली तर आईच्या दुधानंतर सुद्धा साधारण ४ तास पोट रिकामं लागतं. घरात कुठलं उरलेलं अँटिबायोटिकचं औषध असेल तर ते देऊ नका, कल्चरमध्ये जंतू उगवत नाहीत आणि मग डॉक्टरांना अंधारात तीर मारावे लागतात. काचेच्या पेटीत होता तिथला डिस्चार्ज कार्ड, नाळेतून नळी घातली होती का, कुठली इंजेक्शनं दिली, टाचेला टोचून रक्त घेतलं होतं का, हे सगळं कागद घेऊन जा. जंतू बऱ्याचदा तिथूनच रक्तात शिरलेला असतो. कमी दिवसांच्या बाळाला नळ्या-सुयांशिवाय जगवता येत नाही आणि त्यांची कातडी कागदासारखी पातळ असते, म्हणून त्या हॉस्पिटलचा राग मनात धरून कागद मागायला लाजू नका.

गाडीत बाळाला तुमच्या छातीशी कातडीला कातडी लावून धरा, वरून शाल, डोक्याला टोपरं. आजारी छोटं बाळ ताप येण्याऐवजी गारठतं, ते जास्त धोक्याचं. १०८ ला फोन करा. सरकारी दवाखान्यात एक वर्षापर्यंतच्या आजारी बाळाचे उपचार, औषधं, तपासण्या आणि ने-आण जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात मोफत आहेत. खाजगीत गेलात तर योजनेतलं हॉस्पिटल असेल तर आरोग्यमित्राच्या टेबलवर रेशनकार्ड दाखवून महात्मा फुले योजनेत बसतं का ते आधी विचारा.

वाईकर_आजोबा
शुक्रवार, रात्री ९:४०

सूनबाई, सगळे घाबरवतायत त्याने तू खचू नको. आमच्या घरात चार नातवंडं झाली, लचक भरली की कोमट तेलाने हलक्या हाताने चोळलं की उतरायचं. दवाखान्यात गेलं की एवढ्याशा जिवाला सुया टोचून हैराण करतात आणि महिना-महिना सोडत नाहीत, माझ्या पुतण्याच्या मुलाला ६ आठवडे इंजेक्शनं दिली होती, बघवत नव्हतं. एक दिवस बघ, नाही उतरलं तर जा.

हाडवैद्य_नाही_डॉक्टर
शुक्रवार, रात्री ९:५५

आजोबा, तुमच्या मायेबद्दल शंका नाही, पण हा एक दिवसच महाग पडतो. खुब्याच्या सांध्यात पू झाला की दोन गोष्टी एकदम सुरू होतात. पुवातली विकरं कुर्चा खायला लागतात, आणि सांध्याच्या पिशवीत दाब वाढून गोळ्याला रक्त नेणाऱ्या बारीक नळ्या दाबल्या जातात. पू बाहेर काढला की दाब उतरतो, म्हणून आम्ही तासांची भाषा करतो. आणि लचकेचं म्हणाल तर २४ दिवसांच्या बाळाला लचक भरायला ते उभं कुठे राहिलं, पळालं कुठे. तेल चोळल्याने पू बाहेर येत नाही, उलट सुजलेल्या सांध्यावर जोर पडतो.

तुमच्या पुतण्याच्या मुलाला ६ आठवडे इंजेक्शनं दिली ती बहुतेक याच आजाराला दिली असतील आणि तो आज चालत असेल तर त्या इंजेक्शनांमुळेच.

माणदेशी_लेक
शुक्रवार, रात्री १०:१०

निघालो. दीर गाडी चालवतायत. ९:५० ला पाजलंय. सासूबाई पण बरोबर आहेत, त्यांना मी हे सगळं वाचून दाखवलं तर त्या काही बोलल्या नाहीत, गुपचूप टोपरं आणलं आणि गाडीत बसल्या.

माणदेशी_लेक
शनिवार, सकाळी ६:२५

रात्री पावणेएकला पोचलो. सोनोग्राफीत उजव्या खुब्यात पाणी दिसलं, दुसऱ्या बाजूला काही नव्हतं. सीआरपी ८६, नॉर्मल ६ च्या आत असतं म्हणाले. पांढऱ्या पेशी २१ हजार. ब्लड कल्चर घेतलं, मग सुई घालून बघितलं तर पू आला आणि पहाटे तीनला ऑपरेशनला नेलं, खुबा उघडून धुतला, ४ एमएल पू निघाला. सर्जन म्हणाले हाडाच्या वरच्या टोकाला पण इन्फेक्शन आहे, तिथूनच सांध्यात उतरलंय. आता व्हेंटिलेटर नाही, स्वतः श्वास घेतोय, आयसीयूत आहे. मला लांबून दाखवला. एवढासा आहे, कमरेपासून पट्टी आहे आणि हाताला सलाईन, पण झोपलेला होता, किंचाळत नव्हता.

माझं एकच कळत नाहीये की हाडातून सांध्यात कसं गेलं, आणि हे आमच्यामुळे झालं का? मावशींनी दोन दिवस चोळलं त्यामुळे पसरलं का? सासूबाई रात्रभर बाकावर बसून हेच विचारतायत.

ओवीची_आई
शनिवार, सकाळी ६:४०

पहिल्या रात्रीतच झालं ऑपरेशन, देवा. रडले वाचून. सासूबाईंना सांगा त्या सोमवारची वाट न बघता लगेच गाडीत बसल्या, तेवढं पुष्कळ आहे. तुम्ही काहीतरी खाऊन घ्या, दूध टिकवायचं तर आईने खाल्लं पाहिजे, आणि आयसीयूत असेपर्यंत दर तीन तासांनी दूध काढत रहा, मी आळस केला आणि माझं दूध आटलं.

हाडवैद्य_नाही_डॉक्टर
शनिवार, सकाळी ८:१५

तुमच्यामुळे नाही झालं. चोळल्यामुळे दुखणं वाढलं असेल, पण जंतू आधीच रक्तातून हाडात जाऊन बसलेला होता. सासूबाईंना हे माझ्या नावाने सांगा.

हाडातून सांध्यात कसं, तर हे नीट सांगतो कारण लहान बाळांचा आजार मोठ्या मुलांपेक्षा वेगळा आहे तो इथेच. लांब हाडाच्या टोकाजवळ वाढीची एक पट्टी असते, तिच्यामुळे हाड लांबीला वाढतं. पट्टीच्या खालचा भाग खूप रक्त असलेला, तिथे बारीक रक्तवाहिन्या वळसे घेतात, रक्त सावकाश चालतं आणि जंतूला बसायला जागा मिळते. आठ-दहा वर्षांच्या पोरात ती पट्टी बांधासारखी असते, या शेतातलं पाणी त्या शेतात जात नाही. पण साधारण वर्ष-दीड वर्षापर्यंत त्या बांधाला मोऱ्या असतात, रक्तवाहिन्या पट्टीतून आरपार गेलेल्या असतात, त्यामुळे इन्फेक्शन सरळ पलीकडे गोळ्यात जातं आणि तिथून सांध्यात. खुब्याचं आणखी एक आहे, तिथे हाडाचा हा खालचा भागच सांध्याच्या पिशवीच्या आत येतो, खांद्याचंही तसंच, म्हणून बाळात हाड आणि सांधा बऱ्याचदा एकदमच सापडतात. आणि त्या पट्टीलाच इजा झाली तर पुढे पाय छोटा राहणं किंवा वाकडा वाढणं, जे ओवीच्या आईने लिहिलंय ते.

१८७४ साली लंडनच्या थॉमस स्मिथ या सर्जनने तान्ह्या बाळांच्या या आजाराचं वर्णन केलं होतं, आमच्याकडे वॉर्डात अजूनही टॉम स्मिथ म्हणतात, पाय छोटा राहून खुब्याचा गोळाच नाहीसा झालेली मोठी मुलं येतात तेव्हा. त्या मुलांच्या आयांना मी विचारतो तेव्हा जवळजवळ प्रत्येक जण तीच गोष्ट सांगते, महिन्याचा होता तेव्हा एक पाय हलवत नव्हता आणि आम्ही चोळत होतो. तेव्हा त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. तुम्हाला काल ओवीच्या आईने सांगितलं.

आता पुढचं. डॉक्टरांना विचारा की बाकीचे सांधे रोज हलवून बघताय ना, कारण नवजात बाळात हे एकाच वेळी दोन-तीन जागी असू शकतं, आणि एक जागा सापडल्यावर दुसरी राहून जाते. रक्तात स्टॅफ नावाचा जंतू उगवला तर हृदयाची इको करतील, घाबरू नका. एमआरआय सांगितला तर तोही बऱ्याचदा भुलीशिवाय होतो, पोटभर पाजून गुंडाळून झोपवलं की एवढी बाळं झोपून जातात. अँटिबायोटिक सुरुवातीला दोन असतील, एक स्टॅफसाठी आणि एक क्लेब्सिएला, ई कोलाय या जातीसाठी, कारण आपल्याकडे नवजात कक्षातून आलेल्या बाळात हेही भरपूर मिळतात. कल्चर आलं की एकच नेमकं ठेवतात.

माणदेशी_लेक
मंगळवार, दुपारी २:३०

कल्चर आलं. पुवात आणि रक्तात दोन्हीकडे स्टॅफ ऑरियस, पण एमआरएसए म्हणजे नेहमीच्या औषधांना दाद न देणारा नाही, साधा. व्हँकोमायसिन बंद करून सेफाझोलिन ठेवलंय. इको नॉर्मल. सीआरपी ८६ वरून ४१. काल पहिल्यांदा माझ्याजवळ दिला, आता स्वतः ओढून पितो. डॉक्टर म्हणतात किमान ४ आठवडे शिरेतून, तोंडावाटे नाही. आमच्या बाजूच्या बेडवर १० महिन्यांची मुलगी आहे, तिलाही हाडाचं इन्फेक्शन, तिला मात्र ६ दिवसांनी पातळ औषध देऊन घरी सोडतायत. मिस्टर म्हणतात मग आपल्याला का नाही, खर्च होतोय, इथे राहायचं आहे. मी काय सांगू?

हाडवैद्य_नाही_डॉक्टर
मंगळवार, संध्याकाळी ७:५०

चांगली बातमी आहे ही. सीआरपी इतका पटकन उतरला म्हणजे पू नीट निघालाय.

मिस्टरांचा प्रश्न रास्त आहे. मोठ्या मुलांसाठी पूर्वीसारखं दीड महिना सलाईनवर ठेवत नाहीत हे खरं, फिनलंडमध्ये या विषयावर मोठं काम झालं, काही दिवस शिरेतून आणि मग तोंडाने असे एकूण २० दिवस बऱ्याच मुलांना पुरतात असं दिसलं. पण त्यात ३ महिन्यांखालची बाळं घेतलेलीच नव्हती. नवजात बाळाच्या पोटातून औषध किती शोषलं जाईल याचा भरवसा नसतो, प्रतिकारशक्ती कच्ची, आणि तुमच्याकडे तर रक्तातही जंतू होता, म्हणून तुमचे डॉक्टर जपून चाललेत आणि मीही तेच केलं असतं. तुमच्या बेडशेजारची मुलगी १० महिन्यांची आहे, तिचं गणित वेगळं.

रोज नवीन शीर शोधावी लागत असेल तर पिक लाईनचं विचारा. हाताच्या शिरेतून लांब बारीक नळी घालतात, ती बरेच दिवस टिकते, बाळाला रोजची टोचाटोची नको आणि सिस्टरांनाही नको.

सिस्टर_एसएनसीयू
मंगळवार, रात्री ८:२०

पिक लाईनला दुजोरा. आणि नळी लावली की हात धुतल्याशिवाय बाळाला कुणी, अगदी कुणीही, हात लावायचा नाही, बारशाला आलेल्या आत्यांनी सुद्धा नाही. आणि काचेच्या पेटीत असताना अमिकासिन किंवा जेन्टामायसिन दिलं होतं का ते कार्डवर बघा, दिलं असेल तर घरी जायच्या आधी कानाची तपासणी करून घ्या, कमी दिवसांच्या बाळाची तशीही करायचीच असते.

गडचिरोलीचा_मास्तर
बुधवार, सकाळी ७:१०

विषय थोडा वेगळा पण इथलाच म्हणून लिहितो. आमच्या भागात आणि तिकडे नंदुरबारकडे सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे. माझ्या भाच्याचे ९व्या महिन्यात दोन्ही हातांचे पंजे आणि एक पाऊल सुजलं, आम्हाला वाटलं इन्फेक्शन, निघालं सिकलसेल, हातपाय सुजणं ही त्याची पहिली खूण असते असं डॉक्टरांनी सांगितलं. पण त्यांनी कल्चर तरीही घेतलं, म्हणाले सिकलसेलच्या मुलांना हाडाचं इन्फेक्शन सहज होतं आणि त्यात साल्मोनेला निघतो, टायफॉईडच्या जातीतला. तेव्हा आमच्याकडच्या कुणी हे वाचलं तर सिकलसेलची तपासणीही सांगा डॉक्टरांना, आणि तपासणी आधी झाली असेल तर त्यांचं कार्ड बरोबर न्या.

हाडवैद्य_नाही_डॉक्टर
बुधवार, सकाळी ९:००

मास्तर, बरोबर लिहिलंत. सहा महिन्यांच्या आत सिकलसेलची सूज सहसा येत नाही कारण बाळाचं जन्माचं हिमोग्लोबिन त्याला सांभाळत असतं, त्यानंतर मात्र दोन्ही शक्यता डोक्यात ठेवाव्या लागतात. आणखी एक, जन्माच्या बीसीजी लशीतल्या जंतूमुळे किंवा टीबीमुळे होणारं हाडाचं दुखणं असतं, ते विरळा आणि सावकाश, काही महिन्यांनी गाठ किंवा सूज येते, बाळ फारसं आजारी दिसत नाही. अशा वेळी हाडाचा छोटा तुकडा काढून टीबीची तपासणी केल्याशिवाय महिनोन् महिने साधी अँटिबायोटिक देत बसू नये.

माणदेशी_लेक
ऑपरेशननंतर १३वा दिवस, रात्री ११:००

झोप लागत नाहीये म्हणून लिहितेय. आज परत एक्सरे काढला. सीआरपी ४ आलाय, बाळ खेळतंय, आज तर उजव्या पायाचा अंगठा हलवला, मी पायाच्या तळव्याला बोट लावलं तर बोटं मुडपली आणि मग सगळा पाय थोडा ओढून घेतला, रडला नाही. आम्ही एवढे खूश होतो आणि मग एक्सरेत मांडीच्या हाडाच्या वरच्या टोकाला काळा डाग दिसतोय आणि हाडाभोवती पांढरी रेघ आलीय असं रिपोर्टमध्ये लिहून आलं. पहिल्या एक्सरेत तर काहीच नव्हतं. म्हणजे इन्फेक्शन वाढतंय ना? रात्रीच्या डॉक्टरांना विचारलं तर म्हणाले सकाळी मोठे डॉक्टर सांगतील.

हाडवैद्य_नाही_डॉक्टर
त्याच रात्री ११:२५

नाही, वाढत नाहीये, झोपा.

एक्सरे मागून चालतो. आजार आत शिरला तेव्हा तो नॉर्मल होता, आणि आता आजार उतरलाय तेव्हा तो मागचं दाखवतोय. जी जागा पहिल्या तीन-चार दिवसांत खराब झाली तिथलं हाड विरघळून डाग दिसायला दोन आठवडे लागतात. भोवतालची पांढरी रेघ म्हणजे हाडाच्या सालीने नवीन हाड घालायला घेतलंय, भिंतीला गिलावा द्यावा तसं. आत्ता बघायचं ते बाळाकडे आणि सीआरपीकडे. ताप नाही, पितंय, सीआरपी ४, आणि अंगठा हलवतंय, या चारही गोष्टी एका बाजूला आहेत. याच्या उलट झालं असतं, म्हणजे सीआरपी उतरून परत चढला असता किंवा बाळाने परत पाय टाकला असता, तर मी तुम्हाला म्हटलं असतं रात्रीच सर्जनला उठवा, कुठेतरी पू राहिलाय.

माणदेशी_लेक
३५वा दिवस

काल घरी आलो. ३३ दिवस इंजेक्शनं झाली. वजन ३ किलो १००. खुब्याचा गोळा जागेवर राहावा म्हणून पट्ट्यांचा हार्नेस दिलाय, दोन्ही पाय फाकवून वर धरलेले, खांद्यावरून पट्टे. २४ तास घालायचा, अंघोळीलाही काढायचा नाही, ६ आठवडे. दोन आठवड्यांनी सोनोग्राफी. डॉक्टर म्हणाले गोळा किती वाचलाय हे वर्षाचा झाल्यावर नीट कळेल आणि वाढ पूर्ण होईपर्यंत दाखवत राहायचं.

मावशी आल्या होत्या बघायला. त्यांनी पट्टे बघितले, डोळ्याला पदर लावला, म्हणाल्या मला काय माहीत गं. मी त्यांना सांगितलं की आता गावात कुठल्याही बाळाने हात-पाय हलवायचा थांबवला तर चोळू नका, माझ्याकडे पाठवा. त्या हो म्हणाल्यात.

ओवीची_आई, ओवीला कसं सांभाळलं तुम्ही? मला पाजताना जमत नाहीये, तो पट्ट्यासकट मांडीवर बसतच नाही.

ओवीची_आई
३५वा दिवस, रात्री

ओवीला हार्नेस नव्हता, कमरेपासून खाली प्लास्टर होतं, पण पाय फाकलेलेच, त्यामुळे अडचण तीच. आडवा मांडीवर घेऊ नका, नाही जमणार. त्याला तुमच्या एका मांडीवर घोड्यावर बसल्यासारखा बसवा, पोट तुमच्या पोटाला, एक हात मानेमागे, आणि तुम्ही भिंतीला टेकून थोड्या मागे रेला. किंवा काखेतून मागे पाय सोडून, उशीवर. दोन दिवसांत सवय होते दोघांनाही. झबली पुढून बंदाची शिवून घ्या, डोक्यातून घालायची नकोत. लंगोट पट्ट्यांच्या खालून सरकवायचा आणि लंगोट बदलताना पायाला धरून उचलायचं नाही, कमरेखाली हात घालून उचलायचं. पट्टा घासतो तिथे, गुडघ्यामागे, रोज बघा, पावडर नको, ओल्या फडक्याने पुसून कोरडं करा.

आणि दाखवत राहायचं म्हणजे खरंच रहा. ओवी चालायला लागली तेव्हा सगळं छान दिसत होतं, आम्ही दीड वर्ष गेलोच नाही, मग चौथ्या वर्षी लक्षात आलं एक पाय छोटा आहे. आता दर ६ महिन्यांनी जातो, डाव्या बुटाचा सोल वाढवून घेतलाय, आणि फरक वाढला तर ११-१२ वर्षांच्या सुमाराला दुसऱ्या पायाची वाढ थोडी थांबवून दोन्ही सारखे करता येतात असं सांगितलंय. त्यासाठी आधीची मोजमापं लागतात, म्हणून प्रत्येक वेळेचा एक्सरे आणि सेंटीमीटरचा आकडा एका वहीत तारखेसकट लिहून ठेवते. तुम्हीही आजपासून वही करा, पहिल्या पानावर ऑपरेशनची तारीख, जंतूचं नाव आणि औषध लिहा.

माणदेशी_लेक
३६वा दिवस, सकाळी

घोड्यासारखा बसवला. प्यायला, १८ मिनिटं, आणि तिथेच झोपला. सासूबाई झबल्याला बंद लावतायत.